मूकपटाला पार्श्वसंगीत नको, साथ हवी

‘कालिया मर्दन’ सुरू होतो तेव्हा गोष्ट लगेच सुरू होत नाही. आधी पडद्यावर एक लहान मुलगी येते आणि आपल्याकडे बघत एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणत जाते. ती मंदाकिनी फाळके. दादासाहेबांची मुलगी, वय सात. हे झाल्यावर तीच मुलगी बाळकृष्णाच्या वेषात दिसते, आणि मग गोकुळ, यमुना, कालिया. १९१९ साली फाळक्यांनी प्रेक्षकांना आधी विश्वासात घेतलं होतं, की बघा, ही साधी मुलगी आहे आणि ही आता कृष्ण होणार आहे.

हा चित्रपट मी सभागृहात दोनदा पाहिला. पहिल्या वेळी त्याला कुणीतरी सिंथेसायझरवरची बासरी चिकटवली होती. चार-पाच मिनिटांची एक धून, संपली की पुन्हा पहिल्यापासून. मंदाकिनी भाव दाखवत होती तेव्हा तीच धून, गोपी तक्रार घेऊन आल्या तेव्हा तीच, कृष्ण पाण्याखाली नागाशी झुंजत होता तेव्हाही तीच. चित्रपट संपला तेव्हा धून अर्ध्यात तुटली. दहाव्या मिनिटाला लोकांच्या हातात मोबाइल आले होते. मला वाटलं, शंभर वर्षांपूर्वीचं काम आहे, आता ते फक्त अभ्यासकांसाठी उरलंय.

दुसऱ्या वेळी पडद्याच्या डाव्या बाजूला तीन जण बसले होते. हार्मोनियम, पखवाज आणि बासरी. त्या मुलीच्या भावदर्शनाला हार्मोनियमवाल्यांनी जवळजवळ काही वाजवलंच नाही. प्रत्येक भावाला दोन-तीन सूर, आणि मग थांबणं. पुढच्या रांगेतली पोरं तिसऱ्या भावाला हसली. चौथा भाव यायच्या आधी वाजवणाऱ्यांनी त्या हसण्याला जागा दिली, आणि सभागृहात काहीतरी जुळलं. पाण्याखालच्या झुंजीला पखवाज लागला तेव्हा माझ्या शेजारच्या आजी खुर्चीत पुढे सरकल्या. चित्रपट तोच होता. प्रतही बहुधा तीच असावी. बदलली होती ती साथ.

तेव्हापासून माझं एक म्हणणं ठाम होत गेलंय. आपल्याकडचे वाचलेले मूकपट सार्वजनिक पैशातून जपले जात आहेत, स्वच्छ केले जात आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. पण प्रत स्वच्छ झाली म्हणजे चित्रपट परत आला असं होत नाही. पडद्याशेजारी वाजवणारी माणसं हा त्या चित्रपटाचाच भाग होता. जतनाच्या खर्चात त्यांचं मानधन धरलं पाहिजे, आणि ते समारंभाच्या खर्चात नव्हे तर मूळ कामाच्या खर्चात धरलं पाहिजे.

‘मूकपट’ हे नावच आपली दिशाभूल करतं. बोलपट आल्यावर जुन्या चित्रपटांना वेगळं ओळखायची गरज पडली, म्हणून त्यांना मूक म्हटलं गेलं. पडदा बोलत नव्हता हे खरं, पण सभागृह गप्प नव्हतं. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून खेळ केला तेव्हा तिथे पियानो वाजत होता. १९०८ साली कामीय सँ-साँस यांच्यासारख्या मातब्बर रचनाकाराने एका फ्रेंच चित्रपटासाठी स्वतंत्र संगीत लिहिलं. मोठ्या शहरांतल्या मोठ्या चित्रगृहांत वाद्यवृंद असे, छोट्या ठिकाणी एकटा पियानोवादक. दिमित्री शोस्ताकोविच तरुणपणी लेनिनग्राडच्या चित्रगृहांत पियानो वाजवून घर चालवायला हातभार लावत होता आणि पुढे १९२९ साली त्याने ‘न्यू बॅबिलॉन’ या मूकपटाला संगीत दिलं. आपल्याकडे पियानोच्या जागी हार्मोनियम आणि तबला आले, कुठे कुठे व्हायोलिन. दृश्यांच्या मधे येणाऱ्या पाट्यांवरचा मजकूर न वाचता येणाऱ्यांसाठी तो मोठ्याने वाचून दाखवणारे होते.

आणि आपल्याला हे शिकायला पॅरिसला जावं लागलं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गातात, सोबत वीणा, टाळ आणि हुडूक. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रं, दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडलेली, एकामागून एक अशी सरकवलेली की ती हलल्यासारखी वाटावीत, आणि सोबत निवेदन, संवाद, संगीत. ल्युमिएरांचे चित्रपट मुंबईला वॉटसन हॉटेलात आले ते ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे चित्र दाखवायचं आणि शेजारी बसून ते गाऊन-वाजवून उभं करायचं ही गोष्ट इथल्या प्रेक्षकाला सिनेमाच्या आधीपासून ठाऊक होती. फाळक्यांच्या चित्रपटाला तो प्रेक्षक गेला, तो बहिऱ्या अंधारात बसायला गेला नव्हता.

आता ‘साथ’ या शब्दाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण माझा सगळा आग्रह त्या शब्दावर उभा आहे. पार्श्वसंगीत म्हणजे चित्राच्या मागे कायमचं चिकटवलेलं संगीत. ते एकदा ध्वनिमुद्रित झालं की प्रत्येक खेळाला तेच. बोलपटासाठी ते योग्यच आहे, कारण दिग्दर्शक आणि संगीतकार दोघांनी मिळून ते त्या जागी बसवलेलं असतं. साथ ही वेगळी गोष्ट आहे. ख्यालाच्या मैफलीत हार्मोनियमवाला गायकाच्या मागे अर्धं पाऊल असतो. गायकाने श्वास घेतला की तो सूर धरून ठेवतो, गायकाने जागा घेतली की ती झेलतो, पण पुढे धावत नाही. संगीत नाटकात ऑर्गन वाजवणाऱ्याला नटाचा श्वास कळायचा. पद कधी सुरू होणार, वाक्य कधी संपणार, हे त्याला नटाच्या खांद्यावरून समजायचं. कीर्तनात बुवांनी आख्यान सांगता सांगता आवाज खाली आणला की तबलजी हात उचलतो. त्याला कुणी खूण करत नाही. साथ ही अशी ऐकण्याची कला आहे. वाजवणं नंतर येतं.

इथे एक आक्षेप निघतो, आणि तो मला स्वतःलाही बरेच दिवस अडवत होता. गायक साथीदाराला प्रतिसाद देतो, चित्रपट देत नाही. मंदाकिनी १९१९ मध्ये जशी हसली तशीच आजही हसणार, पखवाजवाल्याने कितीही सुंदर तुकडा वाजवला तरी ती दाद देणार नाही. मग हिला साथ कशी म्हणायची? ही तर एकतर्फी गोष्ट झाली.

याचं उत्तर मला त्या दुसऱ्या खेळात मिळालं. चित्र बदलत नाही हे खरं, पण सभागृह बदलतं. आजची गर्दी हसरी आहे की गंभीर, पुढे मुलं बसलीत की म्हातारी माणसं, मजकुराची पाटी वाचायला लोकांना किती वेळ लागतोय, हे वाजवणाऱ्याला समोर कळत असतं. तो पडदा आणि प्रेक्षक यांच्या मधोमध बसलेला असतो. चित्राकडून जे येतं ते तो लोकांपर्यंत नेतो, आणि लोकांकडून जे येतं त्याप्रमाणे पुढचा सूर ठरवतो. चित्र दाद देत नसेल, पण ती मुलं देत होती. आणि त्या मुलांना हसायला जागा मिळाली ती वाजवणाऱ्यांनी त्या क्षणी हात आवरला म्हणून. चिकटवलेली ध्वनिफीत हे कधीच करू शकणार नाही, ती कितीही मोठ्या संगीतकाराची असली तरी.

वेगाचा प्रश्नही इथेच येतो, आणि तो तांत्रिक म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा असे. सेकंदाला किती चित्रं टिपली जातील हे फिरवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असायचं. सोळाच्या आसपास, कधी अठरा-वीस, पुढे पुढे त्याहून जास्त. ध्वनी आला तेव्हा सेकंदाला २४ चित्रं हा वेग पक्का करावा लागला, नाहीतर आवाज बिघडला असता. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं असतात. म्हणजे सोळाच्या वेगाने एक फूट बरोबर एक सेकंद चालतो. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फूट लांबीचा होता. सोळाच्या वेगाने तो तासाभराचा, ६१ मिनिटांहून थोडा अधिक. चोवीसच्या वेगाने पळवला तर ४१ मिनिटांत संपतो. आज अनेक ठिकाणी त्याची लांबी चाळीस मिनिटं म्हणून दिलेली दिसते. वीस मिनिटं कुणी कापली नाहीत, ती वेगात हरवली. जुन्या चित्रपटातली माणसं तुरुतुरु चालतात, धडपडतात, विनोदी दिसतात असा जो समज आपल्या मनात बसलाय, तो बराचसा या चुकीच्या वेगातून आलाय. तारामतीचा शोक पळत्या पावलांनी दाखवला तर कोण रडेल?

इंटरनेटवर सापडणाऱ्या प्रतींत बहुतेक वेळा हीच जोडी असते. चुकीचा वेग आणि त्यावर कुठलीही धून. दोन्ही चुका एकमेकींना लपवतात. पळणाऱ्या चित्राला पळणारी धून शोभते असं वाटतं, आणि बघणारा म्हणतो की जुना सिनेमा असाच असायचा. याउलट, जिवंत वाजवणारा माणूस शेजारी बसवला की पहिली तक्रार तोच करतो. लय बसत नाही, माणसं चालत नाहीत, वेग कमी करा. ताल जाणणाऱ्याच्या पायाला चालण्याची लय कळते. मूकपटाचा खरा वेग शोधायला अभ्यासकाइतकाच तबलजी उपयोगी पडतो, असं मला वाटतं.

संगीत हा मूकपटाचा अवयव आहे याचा सगळ्यात बोलका पुरावा ‘मेट्रोपोलिस’ने दिला. फ्रिट्झ लांगचा हा चित्रपट १९२७ साली प्रदर्शित झाला आणि लगेच कापला गेला. कोणती दृश्यं कापली, कोणत्या क्रमाने होती, किती लांब होती हे पुढे कुणालाच नीट सांगता येईना. पण गॉटफ्रिड हुप्पर्ट्झने त्याला लिहिलेल्या संगीताची कागदपत्रं शिल्लक होती आणि त्यात सुरांच्या वर दृश्यांच्या खुणा लिहिलेल्या होत्या. २००८ साली ब्युनोस आयर्समध्ये एक जवळजवळ पूर्ण प्रत सापडली, तेव्हा तिच्यातली दृश्यं जागेवर बसवताना या स्वरलिपीचा आधार झाला. २०१० मध्ये बर्लिनला तो चित्रपट जिवंत वाद्यवृंदासह पुन्हा दाखवला गेला. चित्राची हरवलेली जागा संगीताने सांगितली. ज्याला आपण सजावट म्हणतो ते इथे साक्षीदार होतं.

आपल्याकडे अशी स्वरलिपी नाही. १९१३ साली गिरगावातल्या कोरोनेशन चित्रगृहात हरिश्चंद्राला नेमकं काय वाजलं ते कुणी लिहून ठेवलं नाही. म्हणून काही जण म्हणतात, मूळ संगीत गेलंच आहे, तर आज काहीही वाजवलं तरी ते खोटंच असणार, त्यापेक्षा शांत दाखवा. पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट संग्रहालयाचे आंरी लांग्ल्वा मूकपट पूर्ण शांततेतच दाखवत. त्यांचा मुद्दा हलका नाही. चित्राची स्वतःची लय डोळ्यांना दिसायला हवी, संगीताने ती झाकू नये. मी स्वतः घरी कधी कधी आवाज बंद करून हे चित्रपट पाहतो, आणि तेव्हा फाळक्यांनी चौकट किती विचारपूर्वक भरली आहे ते जास्त स्पष्ट दिसतं.

पण ते अभ्यासकाचं एकट्याचं पाहणं झालं. तीनशे माणसांच्या सभागृहात शांतता टिकत नाही. खुर्च्या करकरतात, कुणी खोकतं, कुणी कुजबुजतं, आणि तेच त्या खेळाचं संगीत होऊन बसतं. शिवाय मूळ वादन लिहिलेलं नव्हतं याचा अर्थ ते हरवलं असा होत नाही. ते मुळात लिहिण्यासारखं नव्हतंच, ते रोज नव्याने होत होतं. ज्या परंपरेचा नियमच ‘आजचा दिवस बघून वाजव’ असा होता, तिच्याशी प्रामाणिक राहायचं तर आजचा दिवस बघूनच वाजवावं लागेल. आणि ज्याला साथ कळते त्याला थांबणंही कळतं. लांग्ल्वांना हवी असलेली शांतता चांगला वाजवणाराच देऊ शकतो, योग्य जागी आणि योग्य तेवढी.

मग काय वाजवावं? याबाबत माझी मतं ठाम आहेत आणि ती सगळ्यांना पटतीलच असं नाही. पौराणिक मूकपटांना ओळखीची भजनं आणि स्तोत्रं लावायची पद्धत मला चुकीची वाटते. त्यात भक्तीला माझा विरोध नाही. फाळक्यांचे प्रेक्षक पडद्यापुढे हात जोडत असत, आणि ते खोटं नव्हतं. पण ओळखीचं भजन लागलं की श्रोता त्याच्या शब्दांबरोबर चालू लागतो. ते त्याने कुठे ऐकलं, आईने कधी म्हटलं, हे आठवतं, आणि डोळे पडद्यावर असले तरी मन तिथे नसतं. शब्द चित्राच्या वर बसतात. मूकपटाजवळ फक्त चित्र आहे. त्याच्यावर दुसऱ्या कुणाचे शब्द घालणं म्हणजे त्याच्या तोंडून आपलं बोलणं वदवून घेणं आहे. राग चालेल, धून चालेल, ठेका चालेल, घंटा आणि शंखही चालतील. गाणं नको.

निवेदक मात्र चालेल, किंबहुना हवाच, तो संयमी असेल तर. जपानमध्ये मूकपटाच्या काळात बेन्शी नावाचे निवेदक पडद्याशेजारी उभे राहून सगळ्या पात्रांचे संवाद बोलत. त्यांची नावं जाहिरातीत नटांच्या बरोबरीने यायची, लोक अमक्या बेन्शीसाठी अमक्या चित्रगृहात जायचे. अकिरा कुरोसावाचा मोठा भाऊ बेन्शी होता. बोलपट आल्यावर हा व्यवसाय कोसळला, पण परंपरा मेली नाही. आजही तिथे थोडे बेन्शी आहेत आणि ते नव्या लोकांना शिकवतात. आपल्याकडे आख्यान लावणारे कीर्तनकार आहेत. ‘कालिया मर्दन’च्या पाट्या वाचून दाखवायला, दोन प्रसंगांमधला धागा जोडायला त्यांच्याहून योग्य कोण आहे? आजच्या मुलांना त्या पाट्या पुरेशा वेगाने वाचता येत नाहीत, आणि वाचता न आल्यामुळे ती गोष्टीतून बाहेर पडतात. हा प्रयोग कुणीतरी मनापासून करायला हवा. उपदेशाचा मोह मात्र आवरायला हवा, त्या खेळापुरता तरी.

दुसऱ्या टोकाला मोठ्या नावांचे मोठे प्रयोग आहेत. हिमांशू राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांचा ‘प्रपंच पाश’ १९२९ चा. २००७ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात तो उघड्यावर दाखवला गेला, नितीन सॉनी यांचं संगीत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलं. त्याच जोडीचा ‘शिराज’ १९२८ चा. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तो दुरुस्त केला, अनुष्का शंकर यांनी त्याला संगीत दिलं, आणि २०१७ मध्ये लंडननंतर तो आपल्याकडच्या काही शहरांतही वाजवला गेला. हे झालं याचा मला आनंद आहे. त्या संस्थेने दुरुस्तीच्या कामातच संगीतकाराला बोलावलं, म्हणजे मी जे मागतो आहे ते त्यांनी करून दाखवलं. पण मनात एक सल राहते. हे दोन्ही चित्रपट चांगल्या अवस्थेत राहिले आणि त्यांना संगीत मिळालं, कारण ते परदेशी भागीदारीत बनले आणि त्यांच्या प्रती तिथे सांभाळल्या गेल्या. फाळक्यांच्या चित्रपटांना असा भागीदार नव्हता. बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांना नव्हता. त्यांच्यासाठी कुणी करायचं असेल तर ते आपणच करायचं आहे.

आणि करण्यासारखं आता किती थोडं उरलंय ते पाहा. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि तीन-चार वर्षांत मूकपट बंद पडले. तोवर देशात तेराशेहून अधिक मूकपट बनले होते. त्यांतले जवळजवळ पूर्ण वाचलेले बोटांवर मोजता येतील, बाकी काही रिळं, काही तुकडे. नायट्रेट फिल्म पेट घेणारी, दमट हवेत कुजणारी. कित्येक रिळं आतली चांदी काढण्यासाठी वितळवली गेली. अमेरिकेत १९१२ ते १९२९ मध्ये बनलेल्या १०,९१९ मूक कथापटांपैकी १४ टक्केच मूळ स्वरूपात पूर्ण शिल्लक आहेत, असं तिथल्या काँग्रेस ग्रंथालयाच्या २०१३ च्या पाहणीत निघालं आणि तिथे हळहळ झाली. आपल्याला ते १४ टक्केही नाहीत. पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ गेला. ‘सैरंध्री’ गेला. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रीळ उरली, आणि तीही १९१३ ची की नंतरच्या आवृत्तीची यावर अभ्यासक वाद घालतात. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे खेटे घालून, देशभर हिंडून जे मिळेल ते गोळा केलं, म्हणून एवढं तरी आहे.

त्या संग्रहासाठी केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान सुरू केलं आणि त्याला ५९७ कोटी रुपयांची तरतूद केली. चित्र स्वच्छ करणं, ओरखडे काढणं, अंकीय प्रती करणं, योग्य तापमानाच्या खोल्या बांधणं, हे सगळं आवश्यकच आहे. पण मूकपटाच्या वाट्याला यातून जे येईल, त्यात वाजवणाऱ्याचा रकाना असावा. एका चित्रपटाला एक संगीतकार, तीन-चार वादक, आठ-दहा दिवसांची तालीम आणि किमान वीस खेळांचं मानधन. ओरखडे काढण्याच्या खर्चापुढे ही रक्कम फार मोठी नाही. वाजवणाऱ्यांना चित्रपटाची योग्य वेगातली प्रत तालमीच्या आधी महिनाभर मिळावी, आदल्या रात्री नव्हे. एका महोत्सवाच्या एका संध्याकाळी आयत्या वेळी बोलावलेल्या वादकांना ‘काहीतरी वाजवा’ म्हणणारे आयोजक मी पाहिले आहेत. ते वादक काहीतरीच वाजवतात, त्यांचा दोष नसतो.

हक्कांचीही अडचण नाही. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं असतो, त्यामुळे आपले सगळे मूकपट केव्हाच सर्वांचे झाले आहेत. नव्या संगीताचा हक्क ज्याने ते रचलं त्याचा राहील, आणि तसाच राहायला हवा. अडतं ते प्रतींपाशी. चांगली प्रत संग्रहालयात असते आणि ती बाहेर पडायला वेळ लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी नाट्यगृहं आहेत, हार्मोनियम आणि तबला वाजवणारे आहेत, हौशी रसिक मंडळं आहेत. त्यांनी मागितलं तर योग्य वेगाची प्रत, दृश्यांचा क्रम आणि प्रत्येक दृश्य किती सेकंदांचं आहे याची यादी मिळावी. एवढं मिळालं तर उरलेलं काम ते करतील. इटलीतल्या पोर्देनोनेत १९८२ पासून मूकपटांचा महोत्सव भरतो, तिथे जगभरचे वादक येतात आणि तरुण पियानोवादकांना मूकपटाला साथ कशी करायची ते शिकवलं जातं. ही शिकण्याची गोष्ट आहे आणि शिकवता येते. आपल्याकडे तर निम्मी विद्या आधीच हातात आहे.

कुणी म्हणेल, आता यंत्र दृश्य ओळखून हव्या त्या भावाचं संगीत तयार करून देतं, मग माणसं कशाला? हा प्रश्न नवा नाही. बोलपट आल्यावर अमेरिकेतल्या चित्रगृहांतले हजारो वादक बेकार झाले. १९३० च्या सुमारास त्यांच्या संघटनेने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, त्यांत वाद्यं वाजवणारा एक यंत्रमानव दाखवलेला असे. त्यांना लढाई जिंकता आली नाही, आणि बोलपटाच्या बाबतीत ती जिंकण्यासारखी नव्हतीही. चार्ली चॅप्लिनने ‘सिटी लाइट्स’ या मूकपटासाठी स्वतः संगीत रचून ते फिल्मवरच मुद्रित केलं तेव्हा तो चित्रपट त्याच संगीतासह पूर्ण झाला. त्याला आज दुसरं काही लावायची गरज नाही. पण फाळक्यांनी आपला चित्रपट रिकाम्या खुर्च्यांसह सोडला होता, पडद्याशेजारच्या त्या दोन-तीन खुर्च्या. त्या खुर्च्यांवर माणूस बसेल असं धरूनच ते दृश्यं लांबवत होते, नटाला थांबवत होते. यंत्र भाव ओळखेलही. पुढच्या रांगेतल्या मुलीला आत्ता हसायचंय, तिच्यासाठी अर्धा क्षण थांबूया, हे त्याला ठरवावंसं वाटणार नाही.

‘राजा हरिश्चंद्र’च्या उरलेल्या शेवटच्या रिळात एक जागा आहे. तारामतीचा वध करायची आज्ञा हरिश्चंद्रालाच झाली आहे. तारामती म्हणजे साळुंके, लुगड्यातला पुरुष, आणि समोर हरिश्चंद्र झालेले दाबके हात उगारून उभे. त्यानंतर शंकर प्रकट होतो. हात वर जातो आणि शंकर येतो, यांच्यामध्ये काही क्षण आहेत. योग्य वेगाने दाखवलं तर ते चांगलेच लांब वाटतात. मला ते रीळ एकदा साथीसह पाहायचंय, एखाद्या तालुक्याच्या नाट्यगृहात, तिकीट काढून आलेल्या माणसांमध्ये. हात वर जाईपर्यंत तबला चालू असावा. तो वर गेला की तबलजीने तळवा डग्ग्यावर टेकवून ठेका मोडावा, पेटीवाल्याने भाता सोडून द्यावा, आणि शंकर येईपर्यंत दोघांनीही काही वाजवू नये.